बारीक तार, मोकळी मींड

चैत्र लागला की जुन्नर-आंबेगावात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावकरी येऊन सुपारी ठरवतात आणि फड एका गावाहून दुसऱ्या गावाला धावू लागतात. ढोलकी, हलगी, तुणतुणे, पेटी ही जुनी मंडळी अजून जागेवर आहेत, पण त्यांच्या शेजारी कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि इलेक्ट्रिक गिटारही येऊन बसली आहे. ओतूरच्या बाजूला लग्नसराईत ऑर्केस्ट्रे असतात, कॉलेजची गॅदरिंग असतात, आणि मोबाइलवर बघून घरच्या घरी गिटार शिकणारी मुले तर आता गावोगाव आहेत. या सगळ्या गिटार वाजवणाऱ्यांत एक प्रश्न हमखास निघतो: दहाचा सेट काढून नऊचा घालू का? आणि त्याला बहुतेक वेळा उत्तर मिळते की बारीक तार कच्च्या हाताची, तिला दम नाही, आवाज हवा असेल तर जाड तारेवर हात तयार कर.

हे उत्तर चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विशेषतः ज्याला लावणी, अभंग, भावगीत गिटारीवर वाजवायचे आहे त्याच्यासाठी ते फार चुकीचे आहे. का, ते नीट सांगायचे तर तारेपासूनच सुरुवात करावी लागेल.

दहाचा सेट, नऊचा सेट हे आकडे सगळ्यात बारीक, म्हणजे पहिल्या तारेच्या जाडीचे आहेत. जाडी मोजतात ती इंचाच्या हजाराव्या भागात. दहा म्हणजे ०.०१० इंच, आपल्या मापात पाव मिलिमीटर. नऊ म्हणजे ०.२३ मिलिमीटर. फरक डोळ्यांना दिसणारही नाही इतका, पण बोटाला पहिल्या मिनिटात कळतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या दहाच्या सेटमध्ये सहावी तार ४६ची असते, नऊच्या सेटमध्ये ४२ची.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिच्यावरचा ताण आणि तिचे वजन. मारँ मर्सेन या फ्रेंच पाद्र्याने १६३६च्या आपल्या ग्रंथात याचे नियम मांडले. आपल्याकडे शाहिराच्या मागे उभा राहणारा तुणतुणेवाला हे नियम न वाचताच रोज वापरतो. तार एकच, लांबी तीच, वजन तेच. गाणाऱ्याची पट्टी चढी असली की तो खुंटी पिळतो, ताण वाढतो आणि सूर चढतो. गिटारीत आणखी एक खुबी आहे. दोन वेगवेगळ्या जाडीच्या तारा एकाच सुरात लावायच्या, तर जाड तारेला जास्त ताण द्यावा लागतो, कारण ती जड आहे. आणि हा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पाव मिलिमीटर आणि ०.२३ मिलिमीटर यांत जाडीचा फरक दहा टक्के असला, तरी ताणाचा फरक जवळजवळ वीस टक्के पडतो.

आकड्यांत पाहू. तारेची लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारीवर पहिली तार पांढरी तीनमध्ये लावली, की दहाच्या तारेवर सुमारे ७.४ किलोचा ताण येतो. नऊच्या तारेवर सहा किलो. आठच्या तारेवर पावणेपाच किलो. सहाही तारांची बेरीज केली तर दहाचा सेट दांडीला साडेसेहेचाळीस किलोच्या आसपास ओढून धरतो आणि नऊचा अडतीसच्या आसपास. म्हणजे सेट बदलला की लाकडावरचा आठ-साडेआठ किलोचा भार उतरतो. हा आकडा लक्षात ठेवा, गिटारीची पुढची सगळी कुरकुर त्यातूनच येते.

आता मींडीकडे वळतो, कारण माझ्या लेखी खरा मुद्दा तोच आहे.

आपल्या गाण्यात सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारत नाही, घसरत जातो; हीच मींड. लावणीतली मुरड असो की अभंगातली आर्त हाक, सगळा जीव या घसरण्यात आहे. गिटारीला मात्र पडदे आहेत. पडद्यावरून पडद्यावर गेले की सूर पायरी-पायरीने चढतो. म्हणून ज्यांनी राग गिटारीवर आणले, त्यांतल्या अनेकांनी पडद्यांची वाटच सोडली. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार आडवी ठेवून तारेवर लोखंडी दांडा फिरवला. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर ऐकू येते ती हीच गिटार. उभ्या पडद्यांच्या गिटारीवर मींड काढायची तर एकच मार्ग उरतो: तार बोटाने आडवी ओढायची. सतारीवर हेच तर करतात.

सतारीचा हिशेब इथे फार बोलका आहे. मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी आणि तंबोरे घडवले जात आहेत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या सतारीवर बाजाची, म्हणजे मुख्य वाजवायची, पोलादी तार साधारण ०.३० मिलिमीटरची असते, म्हणजे गिटारीच्या दहाच्या तारेपेक्षा जाड. तरीही सतारिया एका पडद्यावर चार-पाच स्वरांची मींड सहज काढतो आणि गिटारवाल्याचा दोन स्वरांनंतर जीव निघतो. जाड तारेवर जास्त मींड कशी? कारण सतारीची तार लांब आहे आणि खालच्या सुरात लावलेली आहे. सा काळी एकमध्ये धरला आणि बाजाची तार मध्यमात लावली, तर तारेच्या दर चौरस मिलिमीटरवर साधारण ८५ किलोचा ताण बसतो. गिटारीच्या पहिल्या तारेवर हाच आकडा १४५च्या पुढे जातो. पोलादाची सहनशक्ती दोन्हीकडे जवळपास सारखीच. सतारीची तार अर्ध्याहून खूप आधी थांबलेली असते, तिला वर चढायला जागा असते. गिटारीची पहिली तार आधीच बरीच वर चढून बसलेली आहे.

यातून एक गोष्ट निघते जी अनेक अनुभवी वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसते. साध्या, म्हणजे वेटोळे नसलेल्या तारेत, दर चौरस मिलिमीटरवरचा हा ताण तारेच्या जाडीवर अवलंबून नसतो. जाड तारेला जास्त ओढावे लागते, पण ओढ पेलणारे पोलादही तितकेच जास्त असते. नऊची असो, दहाची असो वा तेराची, त्याच सुरात त्याच लांबीवर प्रत्येकीचे पोलाद सारखेच ताणलेले असते. म्हणजे ‘बारीक तार सुरात लावतानाच तुटेल’ ही भीती निराधार आहे. बारीक तार तुटते ती दुसऱ्या कारणांनी. घोडीवरच्या खाचेला धार आली असेल, प्लेक्ट्रमचा जोर फार असेल, पावसाळ्यात गंज चढला असेल, तर तेवढाच ओरखडा बारीक तारेला जास्त महागात पडतो.

दुसरी गोष्ट त्याहून उपयोगाची. मींडीसाठी तार किती अंतर ढकलावी लागते, हेही जाडीवर ठरत नाही. सा वरून शुद्ध रे गाठायचा तर तारेवरचा ताण सुमारे २६ टक्के वाढला पाहिजे. बाराव्या पडद्यापाशी पहिली तार तेवढी चढवायला बोट गणिताप्रमाणे साधारण दोन सेंटिमीटर आडवे न्यावे लागते, मग तार नऊची असो वा दहाची. बदलतो तो जोर. दहाच्या तारेला त्या जागी सव्वा किलोला थोडा कमी जोर लागतो, नऊच्या तारेला नऊशे-साडेनऊशे ग्रॅम, आठच्या तारेला पाऊण किलो. एका मींडीला दोनशे ग्रॅम म्हणजे काही नाही असे वाटेल. पण यात्रेच्या मंचावर रात्रभरात अशा शेकडो मींडी होतात. पहाटेकडे बोट थकले की मींड अर्ध्यावर थांबते, रे लागायच्या ऐवजी कोमल रे आणि शुद्ध रे यांच्या मध्ये कुठेतरी सूर लटकतो, आणि गाणारी बाई मागे वळून बघते. बेसूर होण्यामागे कान कच्चा असतोच असे नाही. पुष्कळदा बोट थकलेले असते.

तिसऱ्या तारेची कथा वेगळी आहे आणि ती जरा थांबून सांगण्यासारखी आहे. जुन्या सेटमध्ये तिसरी तार वेटोळ्याची असे: आत बारीक गाभा आणि त्यावर गुंडाळलेली दुसरी तार. वेटोळ्याने वजन वाढते, पण ताण पेलतो तो फक्त गाभा. गाभ्यावर दर चौरस मिलिमीटरचा ताण त्यामुळे जास्त असतो आणि सूर चढवायला तो खूप लांब ओढावा लागतो. हलक्या सेटमध्ये तिसरी तार साधी, १६ किंवा १७ची असते. ती पांढरी पाचमध्ये लावली की तिच्यावर दर चौरस मिलिमीटरला जेमतेम ५२ किलो येतात. म्हणजे ती सगळ्यांत मोकळी तार. बाराव्या पडद्यापाशी सव्वा सेंटिमीटरच्या आतच ती एक पूर्ण स्वर चढते. मींडीचे गाणे या तारेवर बसवा, ती सतारीच्या सर्वांत जवळची आहे. पण याच मोकळेपणाची दुसरी बाजूही आहे: जरा जोरात दाबली तरी तिचा सूर चढतो. ‘माझी तिसरी तार कधीच सुरात राहत नाही’ ही तक्रार प्रत्येक गिटारवाल्याची असते. त्यातला खुंटीचा दोष थोडा असतो, बोटाच्या जोराचा अधिक.

बारीक तारांचा हा शोध कंपन्यांनी लावला नाही, वाजवणाऱ्यांनी लावला. १९५०च्या दशकात अमेरिकेत इलेक्ट्रिक गिटारीवर सर्रास बाराच्या-तेराच्या तारा आणि वेटोळ्याची तिसरी तार असे. तेराच्या पहिल्या तारेवर साडेबारा किलोचा ताण येतो. अशा तारेवर मींड काढणे म्हणजे मनगटाची परीक्षाच. जेम्स बर्टनसारख्या तरुण वादकांनी मग एक युक्ती केली. अमेरिकन बँजोची बारीक तार आणून ती पहिल्या जागी लावली, सेटमधली पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या जागी, असे एक-एक घर सरकवले आणि सहावी जाड तार बाजूला ठेवून दिली. (हा बँजो वेगळा, आपल्या वरातीतला बेंजो वेगळा. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्याचे मूळ १९१२ साली जपानच्या नागोया शहरात तयार झालेल्या ताईशोगोतो या वाद्यात आहे.) कॅलिफोर्नियातला दुकानदार एर्नी बॉल गिऱ्हाइकांची ही खटपट रोज बघत होता. त्याने तयार हलके सेट मागवायचे ठरवले, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘स्लिंकी’ नावाने ते विकायला काढले. आज ज्याला आपण सहज दहाचा सेट म्हणतो, तो त्या काळात हलका सेट होता! ‘जाड तार हीच खरी तार’ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्यांच्या हातातली दहाची तारही कधीकाळी अशीच टीका सोसून आलेली आहे.

टोनी आयोमी हे नाव ओतूरच्या पोरांनाही माहीत असते, कारण तो ज्यात गिटार वाजवायचा त्या ब्लॅक सॅबथ बँडची गाणी इंटरनेटवर सगळीकडे आहेत. १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे पडदे दाबणारा हात उजवाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडे लावले, आणि बँजोच्या बारीक तारा चढवल्या. पुढे तारा दीड स्वर खाली उतरवून आणखी सैल केल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ या अल्बममधली कित्येक गाणी तशीच आहेत. जगातला सगळ्यांत जड, अंगावर येणारा म्हणून ओळखला जाणारा गिटारीचा आवाज बारीक, सैल तारांतून निघाला आहे. गिटारवादक बिली गिबन्स तर सातच्या तारा वापरतो. गणिताने त्या पहिल्या तारेवर साडेतीन किलोच्या थोडा वर ताण असतो. उलट बाजूला गिटारवादक स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा वापरत असे, पण त्याही अर्धा स्वर उतरवून. वॉनचे उदाहरण देऊन नवशिक्याला जाड तारा घ्यायला लावणारे हे अर्ध्या स्वराचे सांगायला विसरतात. अर्धा स्वर उतरवला की ताण अकरा टक्क्यांनी कमी होतो.

आवाजाचे काय? इथे पेटी-गिटार आणि इलेक्ट्रिक गिटार यांची गल्लत होते. लाकडी पेटीच्या गिटारीत तार लाकडाला हलवते आणि लाकूड हवेला. तिथे बारीक तार लावली की आवाज खरोखर खाली बसतो, म्हणून तिथे बाराच्या तारा सर्रास चालतात. इलेक्ट्रिक गिटारीत आवाज काढतो अॅम्प. पिकअपमधल्या चुंबकाच्या क्षेत्रात पोलादाची तार हलते आणि पिकअपच्याच वेटोळ्यात वीज उमटते. बारीक तारेत पोलाद कमी, म्हणून सिग्नल थोडा कमी, हे खरे. त्यावर उपाय अॅम्पची खुंटी एक घर पुढे सरकवणे, नाहीतर पिकअपचे स्क्रू फिरवून तो तारेच्या जरा जवळ आणणे. फार जवळ मात्र नको, चुंबक तारेलाच ओढू लागतो आणि सूर थरथरतो. शिवाय बारीक तार लवचीक असल्याने तिच्यातून निघणारे वरचे स्वर मूळ सुराशी अधिक नेमके जुळतात. जाड, ताठ तारेत ते थोडे चढे निघतात. खर्जाचा भरदारपणा मात्र जाड तारेत जास्त, हे मान्यच केले पाहिजे.

म्हणून प्रत्येकाने बारीक तार घ्यावी असे मी म्हणणार नाही. रात्रभर नुसते कॉर्ड वाजवणारा, उजव्या हाताचा जोर कमी करू न शकणारा, सगळ्या तारा एक-दीड स्वर खाली लावणारा, किंवा तारेवर नळी फिरवून वाजवणारा, यांना दहा-अकराच चांगल्या. सैल तारेवर जोरात हात मारला तर पहिल्या क्षणाला सूर चढतो आणि मग खाली येतो, आणि कॉर्ड मारणाऱ्याच्या हातात तो दोष लगेच ऐकू येतो. पण मींड, गमक, एकेका सुराने गाणे उचलणे हे ज्याचे काम, त्याने नऊच्या तारांना कमीपणा मानू नये. मुलींनी आणि लहान वयात शिकणाऱ्यांनी तर नक्कीच नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बोटे सोलवटून कितीतरी जण गिटार खुंटीला टांगतात, ते मला पाहवत नाही.

एक मधला मार्गही आहे. गिटार साडेपंचवीसऐवजी पावणेपंचवीस इंच लांबीची असेल, तर तीच तार त्याच सुरात सहा टक्के कमी ताणाने लागते. तुमच्या गिटारीची लांबी आधी मोजा: वरच्या हाडापासून, म्हणजे नटपासून, बाराव्या पडद्यापर्यंत जे भरेल त्याची दुप्पट. कदाचित सेट बदलायची गरजच नसेल. नाहीतर दहाच्या तारा काळी दोनमध्ये उतरवून बघा. पहिल्या तारेवरचा ताण ७.४ वरून ६.६ किलोवर येतो. पेटीवाल्याशी पट्टी जुळवताना मात्र तेवढे ध्यानात ठेवावे लागते.

आता प्रत्यक्ष बदल. तारा विकत आणणे ही यातली सर्वांत सोपी गोष्ट. त्या चढवल्यावर गिटार बिघडल्यासारखी वागते, आणि पुष्कळ जण तिथेच घाबरून जुना सेट परत घालतात.

सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, तिच्या जागी नवी चढवा, सुरात आणा, मग दुसरी. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत. प्रत्येक तार सुरात आली की तिला मधोमध धरून हलकेच वर ओढा, पुन्हा सुरात आणा, असे काही वेळा केले की ती खाली उतरायची थांबते. काढलेली पहिली दहाची तार टाकू नका, तिचे काम पुढे आहे.

ट्रेमोलोची, म्हणजे हलत्या घोडीची, गिटार असेल तर पहिला बदल घोडीवर दिसेल. पाठीमागच्या झाकणाखाली स्प्रिंगा असतात. त्या घोडीला मागे ओढतात, तारा पुढे ओढतात, आणि दोघांच्या ओढाताणीत घोडी तरंगत असते. आता तारांची ओढ आठ किलोने कमी झाली, म्हणून स्प्रिंगा जिंकतात आणि घोडी मागे झुकून अंगाला टेकते. झाकण उघडा. स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात, तिचे दोन लांब स्क्रू दिसतील. दोन्ही अर्धा-अर्धा फेरा सैल करा, परत सूर लावा, घोडी बघा. घाई केली तर हे काम लांबते, संयमाने केले तर अर्ध्या तासात होते. घोडी पक्की बसवलेली असेल तर हा टप्पा नाहीच.

मग दांडी. लाकडाची दांडी तारांच्या ओढीने किंचित पुढे वाकलेली असते, आणि तिच्या पोटातली लोखंडी सळई, ट्रस रॉड, तिला मागे धरून ठेवते. ओढ कमी झाली की दांडी सरळ होते, कधी उलटीही वाकते, आणि मग खालच्या पडद्यांवर तारा खरखरतात. तपासायला त्या जपून ठेवलेल्या जुन्या तारेचा तुकडा घ्या. तिची जाडी नेमकी पाव मिलिमीटर आहे. सहावी तार पहिल्या पडद्यावर दाबा, दुसऱ्या हाताने तीच तार दांडी जिथे अंगाला जुळते तिथल्या पडद्यावर दाबा, आणि कोणाला तरी तो तुकडा सातव्या-आठव्या पडद्यावर तारेखालून सरकवायला सांगा. तुकडा तारेला न हलवता जेमतेम गेला, तर दांडी ठीक. जातच नसेल, तर ट्रस रॉडची नट डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट, पाव फेरा सैल करा आणि थोडा वेळ थांबून पुन्हा बघा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीही नाही. नट हलत नसेल तर जोर लावू नका, जाणत्या माणसाकडे न्या. सळई तुटली तर दांडीच गेली.

शेवटी घोडीवरच्या खुट्या. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला हलके बोट लावून वाजवले की एक काचेसारखा स्वच्छ सूर निघतो. तोच पडदा दाबून वाजवा. दोन्ही सूर एक निघाले पाहिजेत. मोबाइलमधल्या ट्यूनरने हे सहज कळते. दाबलेला सूर उतरलेला असेल तर खुटी दांडीच्या दिशेने पुढे न्या, चढलेला असेल तर मागे. बारीक तारांना खुट्या बहुधा थोड्या पुढेच आणाव्या लागतात. वरच्या नटमधल्या खाचा जाड तारांसाठी कोरलेल्या असतात, म्हणून नवी तार तिथे कधी अडकते आणि टिक्-टिक् आवाज करत सुरातून निसटते. खाचेत शिशाच्या पेन्सिलीची पूड घासा, बहुधा तेवढ्याने भागते.

हे सगळे झाल्यावरही पहिला आठवडा सूर चढे वाजतील. दोष गिटारीचा नसतो, जाड तारेवर घडलेल्या बोटाचा असतो; ते सवयीने जास्त दाबते. बोट पडद्याच्या अगदी मागे ठेवा आणि सूर वाजेल इतकेच दाबा. पडद्यांच्या मध्ये दाबले तर सूर हमखास चढतो. प्लेक्ट्रमही जरा पातळ घेऊन बघा.

ओतूर माळशेज घाटाकडच्या पट्ट्यात आहे, इथला पावसाळा पोलादाला मानवत नाही. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत हवा ओलीच असते. वाजवून झाले की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसा, आणि गिटारीच्या पिशवीत बुटांच्या खोक्यातून मिळणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा. हाताला लागणारी खरखर हे गंजाचे पहिले लक्षण. तशी तार मींडीत तुटते.

नऊचा सेट घ्यायचा ठरवलात तर यात्रेच्या किंवा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तारा बदलू नका. निदान दहा-बारा दिवस आधी बदला, जुळवणी करून घ्या, आणि जुना दहाचा सेट गुंडाळून जपून ठेवा. महिनाभर वाजवूनही नऊची तार हाताला पटली नाही, तर तो परत चढवता येतो.